सहा फुटी गोल सागवानी टेबल: थाळीच्या हॉटेलातलं एक प्रकरण

पुण्यातल्या एका थाळीच्या हॉटेलात, पहिल्या मजल्यावरच्या हॉलमध्ये मोठ्या कुटुंबांसाठी एक गोल टेबल होतं. व्यास सहा फूट, भरीव साग, जाडी ४० मिमी, कडेने तीन इंच रुंदीचं लाकडी कडं आणि खाली लोखंडी स्टँड. ते भर पावसाळ्यात, ऑगस्टमध्ये बसवलं होतं. पुढच्या एप्रिलमध्ये त्याला दोन लांब तडे गेले, कडं समोरासमोरच्या दोन बाजूंनी फळीपासून सुटलं आणि त्या फटींत डाळ-भाताचे कण अडकून वास यायला लागला. मालकांना पुन्हा भरीव सागाचंच टेबल हवं होतं. ते दिवसाला सात-आठ वेळा ओल्या फडक्याने पुसलं जाणार होतं आणि त्यावर गरम वाट्या व हळदीचं तेल पडणार होतं. आणखी एक अडचण होती. जुनं टेबल बांधकामाच्या वेळी समोरच्या मोकळ्या गाळ्यातून दोराने वर चढवलं होतं, आणि आता तिथे काचा बसल्या होत्या. नवीन टेबल चार फूट रुंदीच्या, मध्ये वळण असलेल्या जिन्यानेच वर जाणार होतं.

गोल टेबलाची ऑर्डर आली की सगळी चर्चा गोल कापायचा कसा याच्यावर जाते. खरं तर गोल कापणं हे या कामातलं सर्वांत सोपं अंग आहे. कापलेला गोल वर्षभर गोल राहत नाही. तो उन्हाळ्यात एका दिशेने आखडतो, पावसाळ्यात फुगतो, आणि त्याला तेवढी जागा दिली नाही तर फुटतो. या प्रकरणातला प्रत्येक निर्णय त्या हालचालीला धरून घेतला आहे.

जुनं टेबल का फुटलं

टेबल उलटं केल्यावर बहुतेक उत्तरं दिसली. खालची बाजू कोरी होती, पॉलिशचा एक हातही नव्हता. ६ मिमी जाडीच्या लोखंडी पट्ट्या २४ स्क्रूंनी थेट लाकडात आवळल्या होत्या आणि पट्टीतलं प्रत्येक भोक स्क्रूच्या मापाचं होतं. लाकूड ऑगस्टमध्ये वखारीतून आलं आणि लगेच वापरलं गेलं. त्या दिवसांत उघड्या शेडमधल्या लाकडात १६ ते १८ टक्के ओल सहज असते. एप्रिलमध्ये त्याच टेबलाच्या आतल्या भागात ओल मोजायच्या मीटरवर ९ टक्के दिसले.

आता हिशोब. साग हे हालचालीच्या बाबतीत शांत लाकूड मानलं जातं, आणि ते खरंही आहे. पूर्ण ओल्यापासून पूर्ण कोरडं होईपर्यंत ते वर्षवलयांना काटकोनात सुमारे २.५ टक्के आणि वलयांच्या स्पर्शरेषेत सुमारे ५.८ टक्के आखडतं. लांबीच्या दिशेने जवळपास काहीच नाही. ओल एका टक्क्याने बदलली तर १८३० मिमी रुंदीत, फळ्या कशा चिरल्या आहेत त्यानुसार, १.९ ते ३.४ मिमी फरक पडतो. मिश्र फळ्यांसाठी २.६ मिमी धरले तर आठ टक्क्यांच्या घटीला सुमारे २१ मिमी होतात. जुन्या टेबलातल्या दोन तड्यांची रुंदी मिळून ९ मिमी भरली आणि कड्याजवळच्या दोन फटी चार-चार मिमीच्या. म्हणजे १७ मिमी तर डोळ्यांना दिसत होते, उरलेला ताण अजून लाकडात आणि वाकलेल्या स्क्रूंमध्ये होता.

कड्याचं गणित वेगळं समजून घ्यावं लागतं. कड्यातल्या तुकड्यांची रेषा, म्हणजे लाकडाच्या तंतूंची दिशा, परिघाला धरून जाते, त्यामुळे कड्याचा परीघ ऋतूनुसार बदलत नाही. आतली चकती मात्र एकाच दिशेने आखडते. जिथे कड्याची रेषा आणि फळीची रेषा समांतर आहेत तिथे चकती कड्यापासून मागे सरते आणि फट पडते. जिथे कडं फळ्यांच्या आडछेदावर, म्हणजे तंतू आडवे कापलेल्या टोकांवर, चिकटवलं आहे तिथे ते चकतीला आखडू देत नाही, म्हणून तडे तिथूनच सुरू होऊन आत जातात. दोन्ही तडे अगदी याच ठिकाणांहून निघाले होते. पुरेसं कोरडं लाकूड वापरून हेच टेबल केलं असतं तर ते उन्हाळ्यात टिकलं असतं, पण पावसाळ्यात चकतीने फुगून कड्याचे सांधे उघडले असते. लोखंडी किंवा पितळी पट्टी घट्ट ठोकली तरी हाच प्रकार होतो. आडछेद झाकायला कडं हवं अशी मागणी हॉटेलवाल्यांकडून वारंवार येते. भरीव लाकडाच्या पाच फुटांवरच्या चकतीला कडं लावू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

प्लायचा पर्याय

प्लायवर सागाचं विनिअर, म्हणजे लाकडाचा पातळ पापुद्रा, हा रास्त पर्याय आहे आणि तो मालकांपुढे ठेवला होता. १९ मिमीचे दोन थर, वर विनिअर, कडेला लाकडी पट्टी. प्लाय हलत नाही, त्यामुळे कडं लावलं तरी चालतं. पण प्लायचा ताव आठ बाय चार फुटांचा असतो, म्हणजे सहा फुटी गोलात सांधा येणारच. शिवाय बाजारातलं विनिअर जेमतेम अर्धा मिमी जाड असतं. हॉटेलात तीन-चार वर्षांनी पॉलिश उतरवून नवीन करावं लागतं, आणि विनिअर ते दुसरं घासणं सहन करत नाही. सँडर एका जागी क्षणभर रेंगाळला की खालचा प्लाय दिसतो. घरात विनिअर चालेल. जिथे पाण्याचा जग रोज आपटतो तिथे भरीव लाकूडच बरं, हे मालकांचं म्हणणं योग्य होतं.

माप आणि स्टँड

१८३० मिमी व्यासाचा परीघ ५७५० मिमी. आठ माणसं बसवली तर प्रत्येकाला ७२० मिमी मिळतात, दहा बसवली तर ५७५. तेरा-चौदा इंची थाळी, पाण्याचा पेला आणि मोकळं कोपर एवढं धरलं तर आठ हाच आकडा. दहा खुर्च्या लावता येतात, पण वाढप्याला दोन खुर्च्यांच्या मधून हात घालायला जागा उरत नाही.

कडेपासून मध्य ९१५ मिमी दूर आहे. बसलेल्या माणसाचा हात तिथे पोचत नाही, आणि टेबल पुसणाराही एक हात कडेवर टेकून, अंग पुढे टाकूनच मध्यापर्यंत जातो. टेबल कलंडण्याचा धोका जेवणाऱ्यांपेक्षा त्याच्याकडून जास्त. स्टँडचे चार पाय मध्यापासून ६५० मिमीवर ठेवले तर दोन शेजारच्या पायांना जोडणारी रेषा मध्यापासून ४६० मिमीवर येते, आणि टेबल कलंडेल तर त्या रेषेवरून. ८० किलोचा माणूस पूर्ण भाराने कडेवर रेलला, तर टेबल जागेवर राहायला टेबल आणि स्टँडचं एकूण वजन निदान ७९ किलो हवं. ३६ मिमी जाडीची सागाची चकती, घनमीटरला ६५० किलो धरून, ६१ ते ६२ किलो भरते. चकती सपाट ठेवणारे खालचे लोखंडी चॅनल साडेपाच किलो, ५० × ५० × ३ मिमी चौकोनी पाइपचा स्टँड ४० किलो. एकूण १०५ किलोच्या पुढे. हेच पाय ५०० मिमीवर घेतले असते तर १२५ किलोंहून जास्त वजन लागलं असतं. बारीक मधल्या खांबावर मोठा गोल ठेवलेली टेबलं दिसायला छान असतात, पण त्यांच्या खाली जाड बीडाची किंवा लोखंडी थाळी नसेल तर ती सार्वजनिक जागेत ठेवू नयेत.

दोन अर्धगोल

जिन्याच्या वळणात १८३० मिमीची अखंड चकती उभी करूनही फिरत नव्हती. पुठ्ठ्याची चकती कापून ती आधी जिन्यातून नेऊन पाहिली, तेव्हाच हे स्पष्ट झालं. लिफ्टचा प्रश्नच नव्हता. म्हणून ९१५ मिमी रुंदीचे दोन अर्धगोल करून ते वर नेऊन बोल्टने जोडायचे ठरलं. प्रत्येक अर्ध्याचं वजन ३४ किलो, दोन माणसं आरामात नेतात.

मधली शिवण फळ्यांच्या रेषेला समांतर ठेवली, हे महत्त्वाचं. शिवण आडवी घेतली असती तर आडछेदाला आडछेद भिडले असते, आणि थोडी जरी ओल आत गेली तरी दोन्ही टोकं फुगून पृष्ठभागावर उंचवटा आला असता. समांतर शिवणीचा आणखी एक फायदा असा की चकती मध्यावर पक्की धरता येते आणि हालचाल दोन्ही कडांकडे निम्मी-निम्मी वाटली जाते.

लाकूड

साग बल्लारशाचा, भट्टीत वाळवलेला. खरेदीच्या वेळी तीन गोष्टी पाहिल्या: पांढऱ्याचा (खोडाच्या बाहेरच्या फिकट लाकडाचा) भाग नको, कारण तो कीड धरतो आणि पॉलिशखाली वेगळा दिसतो, रेषा सरळ हवी, आणि शक्य तितक्या फळ्यांची वलयं पृष्ठभागाला उभी हवीत, कारण तशी फळी कमी हलते आणि कमी वाकते. सगळ्या तशा मिळत नाहीत. मिळाल्या त्या कडेच्या बाजूला न ठेवता शिवणीच्या दोन्ही अंगांना ठेवल्या, म्हणजे जोड सपाट राहतो.

प्रत्येक अर्ध्यात ९२ मिमीच्या दहा पट्ट्या. रुंदी आधी ठरवून मग संख्या काढली तर कडेला दोन बोटांची चिंधी उरते आणि ती पुढे उखडते, म्हणून उलटा हिशोब केला: ९२० मिमीला दहाने भागलं. गोलामुळे सगळ्या पट्ट्या पूर्ण लांबीच्या लागत नाहीत. दहा मिमी जादा त्रिज्या धरून मधून कडेकडे लांब्या अशा येतात: १८५०, १८४१, १८१३, १७६६, १६९७, १६०५, १४८४, १३२८, ११२१ आणि ८२५ मिमी. बेरीज १५.३३ मीटर, सगळ्या पूर्ण लांबीच्या कापल्या असत्या तर १८.५ मीटर लागले असते. प्रत्येक पट्टीला ६० मिमी जादा सोडले, कारण थिकनेसरमध्ये (जाडी सारखी करणाऱ्या मशिनमध्ये) दोन्ही टोकांना खोलगट चावा बसतो. दोन अर्ध्यांची मिळून १०५ फूट पट्टी, कच्चं माप ४ इंच × पावणेदोन इंच, म्हणजे ५.१ घनफूट. गाठी, पांढरा आणि वाकड्या फळ्या वगळायला ७ घनफूट घेतलं.

पट्ट्या चिरून, खाली २० मिमीच्या काड्या देऊन, त्याच हॉलच्या एका कोपऱ्यात तीन आठवडे रचून ठेवल्या. हॉलमध्ये दुपारी आणि रात्री एसी चालतो, मधल्या वेळात बंद असतो. जिथे टेबल राहणार तिथली हवा लाकडाला आधी लागू देणं हा सगळ्यात स्वस्त विमा आहे. मीटरचं माप टोकाला किंवा वरच्या कातडीवर घेऊन उपयोग नाही. एक फळी मधोमध कापून ताज्या छेदावर सुया टोचल्या, १०.५ टक्के आले. पिनच्या मीटरवर लाकडाची जात निवडायची सोय असेल तर साग निवडावा, नाहीतर आकडा एक-दोन टक्क्यांनी चुकतो.

जोडणी

सागात अंगचं तेल असतं. रंधा मारून दोन दिवस ठेवलेल्या कडेवर डिंक नीट धरत नाही, कारण तेल पृष्ठभागावर येतं. म्हणून ज्या दिवशी कडा रंधल्या त्याच दिवशी जोडल्या, आणि त्याआधी कडांवरून अ‍ॅसिटोनचं फडकं फिरवलं. डिंक पाण्याला टिकणारा, मरीन दर्जाचा फेव्हिकॉल. साधा पांढरा डिंक इथे चालत नाही. रोज ओल्या फडक्याखाली तो मऊ पडतो.

काम चार तुकड्यांत केलं, पाच-पाच पट्ट्यांचा एक तुकडा, रुंदी ४६० मिमी, कारण चोवीस इंची थिकनेसरमधून तेवढीच रुंदी सुखाने जाते. पट्ट्या ४० मिमी जाडीला आणून जोडल्या, तुकडा ३८ वर आणला, मग दोन तुकडे जोडून अर्धा केला आणि शेवटी ३६ वर सपाट केला. अशा पद्धतीत प्रत्येक अर्ध्यात फक्त एकच सांधा हाताने समतल करावा लागतो.

क्लॅम्प दर २०० ते २५० मिमीवर, एक वर एक खाली असे आळीपाळीने, नाहीतर तुकडा पन्हाळीसारखा वाकतो. बाहेरच्या तुकड्यात पट्ट्या पायऱ्यांसारख्या आखूड होत जातात, त्यामुळे क्लॅम्पचा जबडा आखूड पट्टीच्या पुढे हवेत पडतो आणि आतल्या सांध्याची टोकं दाबाशिवाय राहतात. उरलेले तुकडे त्या पायऱ्यांवर ठोकळे म्हणून ठेवले, म्हणजे दाब प्रत्येक सांध्याच्या शेवटापर्यंत पोचतो. सांध्यातून डिंकाचे बारीक थेंब सलग यावेत. कुठे थेंब नाही तर तिथे फट आहे, कुठे ओघळ आहे तर डिंक जास्त झाला आहे. क्लॅम्प इतकेही आवळू नयेत की सगळा डिंक बाहेर जाईल.

क्लॅम्प काढल्यावर लगेच रंधा मारण्याचा मोह होतो. डिंकातल्या पाण्याने सांध्याजवळचं लाकूड फुगलेलं असतं. त्याच अवस्थेत सपाट केलं तर आठवड्याने ते आत बसतं आणि चमकदार पॉलिशवर प्रत्येक सांध्याची बारीक नाली दिसायला लागते. तीन दिवस थांबून मग मशिन केलं.

शिवण आणि गोल

शिवणीच्या कडा एकमेकींवर जुळवून पाच डोवेल (लाकडी खुंट्या) बसवले, १० मिमी व्यासाचे, एका बाजूला चिकटवलेले आणि दुसऱ्या बाजूला कोरडे. ते फक्त पातळी धरण्यासाठी आहेत. ओढून धरायचं काम किचन ओट्याच्या फळ्यांना वापरतात तसल्या १५० मिमीच्या चार बोल्टांचं. त्यांच्यासाठी खालच्या बाजूने ३५ मिमीच्या बिटने २१ मिमी खोल भोकं पाडली. वर १५ मिमी लाकूड शिल्लक राहतं. बिटचं मधलं टोक लांब असेल तर ते वर फुटून निघतं, म्हणून आधी टाकाऊ तुकड्यावर खोली तपासली.

गोल कापला तो दोन्ही अर्धे बोल्टने आवळल्यानंतर, उलट्या बाजूने. मध्यबिंदू बरोबर शिवणीवर येतो, म्हणून तिथे प्लायचा छोटा तुकडा दुतर्फी टेपने चिकटवून त्यात खिळा रोवला. ६ मिमी प्लायची पट्टी राउटरच्या (फिरत्या बिटने लाकूड कोरणाऱ्या यंत्राच्या) बुडाला, बिटच्या आतल्या कडेपासून खिळ्यापर्यंत अंतर ९१५ मिमी. आधी जिगसॉने आखलेल्या गोलाबाहेर ४ मिमी ठेवून कापलं, मग १२ मिमी बिटने एका फेरीत ८ मिमी खोल असं पाच फेऱ्यांत उतरवलं.

इथे एक गोष्ट हमखास बिघडते. राउटर बाहेरच्या कडेने घड्याळाच्या उलट दिशेने फिरवतात, ते बरोबर आहे. पण गोलाच्या चार भागांपैकी दोन भागांत बिट रेषेच्या बरोबर उतरतं आणि दोन भागांत रेषेत घुसून चढतं. जिथून कड फळीला समांतर आहे तिथून आडछेदाकडे जाताना काप स्वच्छ येतो. आडछेदाकडून परत समांतर कडेकडे येताना चिपळ्या उडतात, आणि सागात अशी एक चिपळी दोन इंच लांब जाऊ शकते. त्या दोन भागांत आधी त्रिज्या अर्ध्या मिमीने मोठी ठेवून कापलं आणि शेवटचा अर्धा मिमी नवीन धारेच्या बिटने, एकाच फेरीत, हलक्या हाताने काढला.

कडेला वरून ८ मिमी आणि खालून ५ मिमी गोलाई दिली. धारदार कड हॉटेलात टिकत नाही. खुर्चीचा हात लागला की पहिल्यांदा तिथलं पॉलिश उडतं आणि पाणी तिथूनच शिरतं.

चॅनल आणि बोल्ट

चकती सपाट ठेवायला खालच्या बाजूने, रेषेला आडवे, प्रत्येक अर्ध्यात तीन सी-चॅनल बसवले. ३ मिमी पत्रा वाकवून केलेले, ४० मिमी रुंद, १२ मिमी उंच. मधलं ७६० मिमी लांब, बाजूची दोन ६४० मिमी, शिवणीपासून ७० मिमीवर सुरू होणारी. लाकडातली खाच चॅनलपेक्षा दोन्ही टोकांना ८ मिमी लांब ठेवली. हा मोकळेपणा विसरला तर उन्हाळ्यात लाकूड आखडून खाचेचं टोक चॅनलवर दाबलं जातं आणि वरून फुगवटा येतो.

चॅनलमधलं शिवणीकडचं भोक गोल, ९ मिमी. त्यापुढची सगळी भोकं लांबट, ९ × २४ मिमी, चॅनलच्या लांबीच्या दिशेने. बोल्ट ८ मिमीचे, लाकडात धातूचे थ्रेडेड इन्सर्ट (आतून-बाहेरून आटे असलेल्या नळ्या). स्क्रू थेट लाकडात मारले तर दोन-तीनदा काढल्यावर आटे जातात, आणि हे टेबल पॉलिशसाठी पुन्हा पुन्हा उलगडावं लागणार आहे. इन्सर्ट फिरवताना आट्यांना मेण लावावं, नाहीतर सागात ते तिरके जातात. स्प्रिंग वॉशर आणि रुंद चपटं वॉशर घालून बोल्ट घट्ट केले, मग पाव फेरी सैल.

स्टँडचे वरचे हात अधिक चिन्हाच्या आकाराचे, प्रत्येकी १३०० मिमी. त्यातला एक शिवणीच्या बरोबर खाली, तिच्याच दिशेने. त्यावर १०० मिमी रुंद ६ मिमी जाडीची पट्टी वेल्ड केली आणि शिवणीच्या दोन्ही बाजूंना ३५ मिमीवर चार-चार बोल्ट घेतले. मध्याजवळ लाकूड हलत नाही म्हणून इथे साधी १० मिमीची भोकं चालतात. दुसऱ्या हातावर मात्र लांबट भोकं, प्रत्येक अर्ध्यात दोन बोल्ट. एकूण बारा बोल्टांवर टेबल उभं आहे.

लांबट भोकांचा हिशोब असा: या हॉलमध्ये ओल साडेदहाच्या अडीच टक्के वर-खाली होईल असं धरलं, म्हणजे पूर्ण रुंदीत साडेसहा मिमी, प्रत्येक कडेला सव्वातीन. २४ मिमीच्या भोकात ८ मिमीचा बोल्ट दोन्ही बाजूंना ८ मिमी सरकतो. दुपटीहून जास्त मोकळीक आहे, आणि ती असावी. फॅब्रिकेटरला चित्र काढून दिलं तरी तो सवयीने गोल भोकं पाडतो. स्टँड ताब्यात घेण्याआधी प्रत्येक भोक हाताने तपासावं.

पॉलिश

तेल-मेणाचं फिनिश सुंदर दिसतं, पण त्याच सागाच्या तुकड्यावर तेलात कालवलेली हळद रात्रभर ठेवली तर पिवळा डाग आत उतरतो. दोन घटकांच्या पीयूवर (पॉलियुरेथेनवर) फिकट पिवळी छटा राहते आणि ती उन्हात काही दिवसांत उडते. म्हणून पीयू, मॅट. दोन हात सीलर, मध्ये ३२० नंबरने घासणं, वर दोन हात टॉपकोट. तळ आणि माथा दोन्हीकडे सारखेच चार हात. तळाला कमी हात दिले तर खालून ओल लवकर ये-जा करते आणि चकती वाटीसारखी वळते. शिवणीच्या आतल्या कडांनाही जोडण्याआधी सीलरचे तीन हात दिले.

दोन्ही बाजू मिळून क्षेत्र साडेपाच चौरस मीटर. स्प्रेची नासाडी धरून साडेतीन लिटर तयार मिश्रण लागतं. सँडिंग माथ्याला १८० पर्यंत, पण आडछेद दिसणाऱ्या दोन कमानींना २२० पर्यंत आणि सीलरचा एक जादा हात, नाहीतर तिथे लाकूड जास्त पितं आणि रंग काळपट दिसतो. घासण्यासाठी लोखंडी वूल वापरू नये. त्याचे कण ओल्या सागात काळे ठिपके पाडतात. हवेत ८० टक्क्यांवर दमटपणा असेल त्या दिवशी स्प्रे करू नये, कारण पीयूचा हार्डनर पाण्याशी प्रतिक्रिया करतो आणि थरात सुईच्या टोकाएवढे बुडबुडे राहतात. शेवटच्या हातानंतर सात दिवस टेबलावर गरम भांडं नाही.

शिवणीत काहीच भरलं नाही. सिलिकॉन भरण्याचा सल्ला बऱ्याच जणांनी दिला होता. सिलिकॉनचा अंश लाकडावर राहिला तर पुढच्या पॉलिशच्या वेळी थर तिथे धरत नाही आणि गोल खड्डे पडतात. दोन्ही कडांना अर्ध्या मिमीची चॅम्फर (तिरका काप) दिली, बोल्ट आवळले, बस.

बसवल्यानंतर

फेब्रुवारीत टेबल बसलं. मे महिन्यात रेषेला आडवा व्यास १८२६ मिमी भरला, सप्टेंबरात १८३४. रेषेच्या दिशेने दोन्ही वेळा १८३०. आठ मिमीचा हा फरक नुसत्या डोळ्यांना कळत नाही. शिवण दोन्ही वेळा बंद होती.

देखभालीचं काम स्वयंपाकघराच्या मुकादमाकडे आहे: शिवणीवरून दिवसातून एकदा कोरडा मऊ ब्रश, फडकं पिळून वापरायचं, साबण सौम्य, आणि थेट शेगडीवरून उतरवलेल्या कढईखाली लाकडी पाट. दर सहा महिन्यांनी खालचे, शिवण ओढून धरणारे चार बोल्ट पान्याने तपासायचे. चॅनलचे बोल्ट आवळायचे नाहीत, ते मुद्दाम सैल आहेत आणि त्यांच्या डोक्यांना म्हणून पिवळा रंग लावला आहे.

तीन-चार वर्षांनी पॉलिश उतरवताना अर्धे सुटे करून खाली न्यावेत आणि सपाट टेबलावर पुन्हा जोडूनच सँडर फिरवावा, म्हणजे शिवणीवर खोलगटपणा येत नाही. एका वेळी अर्धा मिमी गेला तरी चार-पाच वेळा ते करता येतं. बोल्टांच्या भोकांवर आज १५ मिमी लाकूड आहे. ते १२ च्या खाली गेलं की तिथे सँडिंग थांबवायचं.